पाचवीचा उंबरठा : इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांतून चौथी उत्तीर्ण झालेली मुले गावच्या किंवा जवळच्या मोठ्या गावातील विद्यालयात दाखल होतात. कित्येकांच्या घरी कोकणी बोलली जाते. शाळेत चार वर्षे त्यांनी मराठीतून गणित आणि परिसर अभ्यास शिकलेला असतो. पाचवीत मात्र बहुतेक विद्यालयांचे माध्यम इंग्रजी असते. फळ्यावरचा मजकूर, पुस्तकातील स्पष्टीकरण, गुरुजींचा प्रश्न, परीक्षेची सूचना हे सारे एका सकाळी बदलते. कालपर्यंत उत्तरासाठी हात वर करणारे मूल मान खाली घालून बसू लागते. सुट्टीच्या काही आठवड्यांत त्याची बुद्धी कमी झालेली नसते. बदललेली असते ती केवळ भाषा.

या अनुभवाचे परिणाम एका मुलापुरते राहत नाहीत. विद्यालयातील शिक्षक म्हणतात, "प्राथमिक शाळेत इंग्रजीचा पाया घातलाच नाही." प्राथमिक शिक्षक म्हणतात, "चौथीपर्यंत मूल चांगले होते, पुढे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही." या दोन उत्तरांच्या मध्ये उभा असलेला पालक आपल्या धाकट्या मुलाला पहिलीपासूनच दूरच्या इंग्रजी शाळेत घालण्याचा विचार करतो, आणि गावच्या मराठी शाळेचा पट आणखी एकाने घटतो. तेव्हा पाचवीच्या उंबरठ्यावर मुलाचा हात कोणी आणि कसा धरावयाचा, हा प्रश्न मुलाच्या भवितव्याइतकाच गावच्या शाळेच्या अस्तित्वाशीही निगडित आहे. मुलाचा हात धरणे शिक्षकाला साधावे यासाठी त्याची स्वतःची तयारी कशी व्हावी, याचा विचार येथे केला आहे.

भाषेचे दोन थर

कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास एक महत्त्वाचा भेद मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशातून आलेली मुले इंग्रजी वातावरणात राहून सुमारे दोन वर्षांत खेळण्याबोलण्यापुरते इंग्रजी आत्मसात करतात. परंतु पुस्तक वाचून समजणे, कारणे देणे, तुलना करणे, लिहून मांडणे यांत वर्गातील इतर मुलांची बरोबरी करण्यास त्यांना साधारणतः पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. ज्या मुलाच्या घरी, अंगणात आणि बाजारात इंग्रजी ऐकू येत नाही, त्याला एवढा काळ लागल्यास नवल नाही.

कमिन्स यांच्या मांडणीची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. एका भाषेत पक्के झालेले ज्ञान दुसऱ्या भाषेत नव्याने शिकावे लागत नाही. भागाकार मराठीतून समजलेल्या मुलाला इंग्रजीत भागाकार शिकवावा लागत नाही, फक्त त्याचे नाव आणि तो सांगण्याची रीत शिकवावी लागते. म्हणजेच प्राथमिक शाळेतील भक्कम मराठी हा पुढील इंग्रजीच्या मार्गातील अडसर नसून तिचा आधार आहे. प्राथमिक शिक्षकाने मराठी वाचन व लेखन कच्चे ठेवून इंग्रजी शब्दांचे पाठांतर वाढविले, तर त्याने मुलाच्या दोन्ही भाषांचे नुकसान केले असे होते.

प्रत्येक विषयशिक्षक हा भाषाशिक्षकही

पाचवीच्या वर्गात विज्ञान शिकविणारा शिक्षक बहुधा स्वतःला इंग्रजीचा शिक्षक समजत नाही. वास्तविक त्याच्या तासाला मूल दोन गोष्टी एकाच वेळी शिकत असते. बाष्पीभवनाचा पाठ उदाहरणादाखल घेता येईल. गोव्यातील मिठागरांच्या परिसरात वाढलेल्या मुलाने खाजणाचे खारे पाणी वाफ्यांत घेतलेले, उन्हाने ते आटलेले आणि तळाशी मीठ उरलेले पाहिलेले असते. बाष्पीभवनाची क्रिया त्याला ठाऊक आहे. त्याच्याजवळ नाही तो ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द आणि तो वापरण्यासाठी लागणारी वाक्ये.

प्रशिक्षित शिक्षक अशा पाठाची सुरुवात पुस्तकातील व्याख्येने करीत नाही. मीठ कसे तयार होते, हे तो मुलांना त्यांच्याच भाषेत सांगू देतो. नंतर चार-पाच शब्द फळ्यावर चित्रांसह लिहितो : वॉटर, सन, हीट, सॉल्ट, इव्हॅपोरेट. त्यानंतर ‘द सन हीट्स द वॉटर’, ‘द वॉटर इव्हॅपोरेट्स’, ‘द सॉल्ट रिमेन्स’ अशी तीन लहान वाक्ये देतो. मुले ती प्रथम ऐकतात, मग जोडीने एकमेकांस सांगतात आणि अखेरीस चित्राखाली लिहितात. पुस्तकातील उतारा यानंतर वाचला जातो. तोपर्यंत त्यातील आशय मुलाच्या ओळखीचा झालेला असतो आणि अपरिचित राहिलेले शब्द मोजकेच उरतात.

गणितातही हीच दृष्टी हवी. ‘टेबल’ म्हणजे लाकडी टेबल, एवढेच मुलाला माहीत असते. पाढ्यालाही आणि तक्त्यालाही तोच शब्द आहे हे कोणीतरी सांगावे लागते. वनस्पतीच्या मुळाला आणि वर्गमुळाला इंग्रजीत ‘रूट’ हा एकच शब्द आहे, हे पाहून गोंधळणाऱ्या मुलाला मराठीतही दोन्हीकडे ‘मूळ’च आहे, हे दाखविले की कोडे सुटते. ‘एक्सप्लेन’, ‘कम्पेअर’, ‘गिव्ह रीझन्स’ या परीक्षेतील सूचना म्हणजे प्राथमिक शाळेतील ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘कारणे द्या’ याच होत. असा दुभाषी तक्ता पहिल्या आठवड्यात वर्गात लावला, तर उत्तर येत असूनही प्रश्न न कळल्यामुळे गुण गमावण्याची पाळी अनेकांवर येणार नाही.

मुलाची शिदोरी आणि त्याच्या अडचणी

मुलाची पहिली भाषा शिक्षकाला शास्त्रीय दृष्टीने माहीत असणे, हा त्याच्या तयारीचा दुसरा भाग होय. मराठीत ‘व’ हा एकच वर्ण असल्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ या शब्दांतील आरंभीचे उच्चार मुलाला सारखेच ऐकू येतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील भेदही त्याच्या कानास सहसा जाणवत नाही, कारण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकाराने बहुधा अर्थ बदलत नाही. उलटपक्षी, ‘जीवन’मधील ‘ज’ आणि ‘जाळे’मधील ‘ज’ यांतील फरक तो सहज करतो. ‘झू’ किंवा ‘झीरो’ या शब्दांचा आरंभ शिकविताना ‘जाळे’मधील ‘ज’पासून निघावे, म्हणजे अर्धे काम झालेले असते.

वाक्यरचनेत क्रियापदाची जागा हा मोठा फरक आहे. ‘मी पाणी पितो’ यात क्रियापद शेवटी येते. ‘आय ड्रिंक वॉटर’ यात ते मध्ये येते. ‘पुस्तक पेटीत आहे’ यातील ‘त’ हा प्रत्यय नामाच्या मागून लागतो. ‘इन द बॉक्स’ यात ‘इन’ नामाच्या आधी येतो. मराठीत ‘अ’ किंवा ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गाळली जातात. ‘तू कुठे जातोस?’ या धर्तीवर मूल ‘व्हेअर यू गो?’ असे विचारते. ही चूक निष्काळजीपणाची नसून मुलाने आपल्या भाषेचा नियम नव्या भाषेस लावून पाहिल्याची ती खूण आहे. हे ओळखणारा शिक्षक लाल शाईने वही रंगवीत नाही. तो एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक हाती घेतो.

याशिवाय प्रत्येक मुलाजवळ इंग्रजी शब्दांचा एक साठा आधीच असतो. बस, तिकीट, बॅट, बॉल, डॉक्टर, पेन, मोबाइल, चार्जर, बॅटरी हे शब्द वाडीवरच्या मुलाच्याही तोंडी आहेत. प्राथमिक शिक्षकाने मुलांकडूनच अशा शंभर शब्दांची यादी करवून घेतली, तर ‘इंग्रजी मला येत नाही’ या भीतीला पहिला धक्का बसतो.

प्रशिक्षणाची आजवरची वाटचाल

इंग्रजीच्या शिक्षकांना सेवेत असताना शिकविण्याचा विचार भारतात नवा नाही. ढाका येथे काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात एक मार्मिक विचार मांडला होता. मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती तोवरच्या शिक्षणातून काही उपयुक्त कौशल्य उरले पाहिजे. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केली तरी काही रक्कम हाती येते, तसाच हा हिशेब आहे. १९५६ मध्ये अलाहाबाद येथे इंग्रजी अध्यापनाची संस्था स्थापन झाली आणि १९५८ मध्ये हैदराबाद येथे केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. हीच हैदराबादची संस्था २००७ पासून इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

त्याच सुमारास मद्रास राज्यात सुमारे २७,००० शिक्षकांना नव्या पद्धतीचे शिक्षण देण्याची मोठी मोहीम हाती घेण्यात आली. निवडक शिक्षकांनी प्रथम शिकावे, त्यांनी आपल्या भागातील इतरांस शिकवावे आणि त्यांनी पुढच्यांस, अशी तिची योजना होती. थोड्या काळात पुष्कळांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग पुढे देशभर रूढ झाला. मात्र या मार्गात एक स्वाभाविक दोष आहे. पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेतो जसे वाटेतच जिरते, तसे तालुक्याच्या वर्गात आलेल्या शिक्षकापर्यंत मूळ विचारातील टिपणे पोहोचतात, पण त्यामागील कारणे वाटेत राहून जातात.

डॉ. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत वेगळा प्रयोग केला. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकविण्याऐवजी मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशा वस्तू ठेवून त्यांना प्रश्न सोडवावयास दिले. अर्थ लावण्यात मन गुंतले असता भाषा अंगवळणी पडते, हा त्यामागील विचार होता. प्रभूंनीच पुढे १९९० मध्ये असे प्रतिपादन केले की सर्वांसाठी एकच सर्वोत्तम पद्धत अशी नसते. आपल्या वर्गात शिकणे कशामुळे घडते याविषयी शिक्षकाची स्वतःची अनुभवाने पटलेली समजूत जागी असणे अधिक मोलाचे आहे. शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट याहून नेमक्या शब्दांत सांगणे कठीण आहे.

एकदाच भरणाऱ्या वर्गाची मर्यादा

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक उन्नतीची अपेक्षा व्यक्त केली आहे. तास किती, याबरोबरच ते कसे खर्च व्हावेत, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात या विषयाचा अभ्यास केला. केवळ व्याख्यान ऐकून किंवा नमुना पाठ पाहूनही शिक्षकाच्या रोजच्या वर्गात फारसा बदल होत नाही. स्वतः सराव करणे, त्यावर अभिप्राय मिळणे आणि परत गेल्यावर वर्गात सहकाऱ्याचे साहाय्य लाभणे, यांमुळे तो होतो, असे त्यांना आढळले.

पोहण्याचे व्याख्यान ऐकून कोणी पोहू लागत नाही, हे नदीकाठच्या माणसास सांगावयास नको. तरीही अनेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे हजेरीपत्रक, भाषण आणि प्रमाणपत्र असाच क्रम दिसतो. परतलेल्या शिक्षकाच्या वर्गात महिन्याभराने कोणी डोकावत नाही. त्यामुळे नवी रीत पहिल्या अडचणीतच बाजूला पडते.

मासिक अभ्यासमंडळ

यावर सुलभ उपाय म्हणजे शिक्षकांनी आपल्या परिसरातच दरमहा एकत्र येणे. महाराष्ट्रात २०१५ नंतरच्या काही वर्षांत ‘तेजस’ या उपक्रमाखाली इंग्रजी शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे असे गट चालविण्यात आले. गोव्यात त्याला आणखी एक जोड देणे इष्ट आहे : पाचवीला शिकविणारे विद्यालयातील शिक्षक आणि ज्या शाळांतून मुले तेथे येतात त्या प्राथमिक शाळांतील शिक्षक यांचे एकच मंडळ असावे. उंबरठ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे शिक्षक एका बाकावर बसल्याशिवाय मुलाची वाट सलग होणार नाही. बेळगाव भागातील मराठी शाळांत मुलास मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी या दोन भाषांशी परिचय करून घ्यावा लागतो. तेथे कन्नडच्या शिक्षकांनाही मंडळात स्थान द्यावे.

बैठक अडीच तासांची असावी. पहिल्या अर्ध्या तासात मागील महिन्यात करून पाहिलेल्या रीतीचा अनुभव प्रत्येकाने सांगावा, विशेषतः काय फसले ते. पुढील अर्ध्या तासात मुलांच्या वह्या पाहाव्यात. पाच मुलांची इंग्रजीतील उत्तरे मांडून, चूक आशयाची की भाषेची, याची छाननी करावी. नंतरच्या पाऊण तासात येत्या महिन्यातील एक पाठ सर्वांनी मिळून तयार करावा. त्यातील शब्द, वाक्ये, चित्रे आणि प्रश्न ठरवावेत. अर्धा तास तो पाठ एकाने सहकाऱ्यांपुढे घेऊन दाखवावा. अखेरच्या पंधरा मिनिटांत कोणी कोणाचा तास पाहावयास जावयाचे ते ठरवावे. तास पाहणाऱ्याने गुण द्यावयाचे नाहीत. किती मुले बोलली, किती वेळ एकटे शिक्षकच बोलले, एवढेच टिपावे.

या हिशेबाने वर्षातील दहा बैठकांचे २५ तास होतात. उरलेले २५ तास सुट्टीतील पाच दिवसांच्या वर्गासाठी, दररोज पाच तास याप्रमाणे, ठेवता येतील. त्या वर्गाचे विषय वर्षभराच्या बैठकांतून निघालेल्या अडचणींवरून ठरावेत.

शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी

एक नाजूक बाबही स्पष्टपणे बोलली पाहिजे. प्राथमिक शाळेतील कित्येक शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून शिकलेले आहेत आणि इतरांपुढे इंग्रजी बोलण्याचा त्यांना संकोच वाटतो. हा संकोच उपहासाने जात नाही. ज्याने इंग्रजी कष्टाने मिळविले, त्याला मुलाची अडखळ लवकर कळते. हे त्याचे बलस्थान आहे. त्याने दररोज पंधरा मिनिटे नियमाने द्यावीत : आकाशवाणीवरील इंग्रजी बातम्या ऐकाव्यात, उद्याचा पाठ मोठ्याने वाचावा, वर्गात लागणारी तीस-चाळीस वाक्ये तोंडपाठ करावीत. ‘ओपन युवर बुक्स’, ‘हू कॅन टेल मी?’, ‘से इट अगेन’ अशा वाक्यांवर प्रभुत्व आले की तास आत्मविश्वासाने सुरू होतो. शब्दाचा उच्चार माहीत नसेल तर मुलांदेखत शब्दकोश उघडावा. शिक्षकही शिकत असतो, हे मुलांनी पाहणे हादेखील एक पाठच होय.

अधिकारी आणि ग्रामस्थ यांचे कर्तव्य

बैठकीचा दिवस वर्षारंभीच निश्चित करून त्या दिवशी शिक्षकांवर अन्य काम न सोपविणे, एवढे अधिकाऱ्यांनी केले तरी पुष्कळ साधेल. एकशिक्षकी शाळेतील शिक्षक बैठकीस गेला तर वर्ग कोण पाहील, याचीही व्यवस्था त्यांनी करावयास हवी. शाळा-तपासणीच्या वेळी हजेरीपत्रकापेक्षा मुलांच्या वह्या पाहाव्यात.

ग्रामस्थ आणि पालक यांनी शाळेची परीक्षा वार्षिक स्नेहसंमेलनातील इंग्रजी बडबडगीतावरून करू नये. मुलाने अर्थ न समजता म्हटलेल्या दहा ओळींपेक्षा, दुकानातील पुड्यावरचा इंग्रजी शब्द वाचून त्याचा अर्थ सांगणे अधिक मोलाचे. पालकाला स्वतःला इंग्रजी येत नसले तरी, "आज शाळेत काय शिकलास ते मला आपल्या भाषेत सांग," असे तो रोज विचारू शकतो. ज्याला ते आपल्या भाषेत सांगता येते, त्याला पुढे ते इंग्रजीत सांगणे अवघड जात नाही.

पाचवीचा उंबरठा काढून टाकणे शिक्षकाच्या हाती नाही. परंतु त्याला एक पायरी बांधून देणे निश्चित त्याच्या हाती आहे. ती पायरी एका भाषणाने बांधली जाणार नाही. ती दर महिन्याच्या बैठकीतून, एकेका पाठाने आणि एकेका वहीने बांधली जाईल.

मंडळाच्या पहिल्या बैठकीसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतून गेल्या वर्षी पाचवीत गेलेली मुले आज कोणत्या विषयात मागे आहेत? अडचण विषयाची आहे की भाषेची?

२. येत्या महिन्यातील विज्ञानाच्या एका पाठात मुलांच्या परिसरातील कोणता अनुभव उपयोगी पडेल? त्यासाठी कोणते पाच शब्द आणि तीन वाक्ये लागतील?

३. मुलांच्या वह्यांत वारंवार आढळणारी एक चूक निवडा. तिचे मूळ मुलाच्या पहिल्या भाषेच्या कोणत्या नियमात आहे?

४. मागील तासात शिक्षकाव्यतिरिक्त किती मुले बोलली? पुढील तासात ही संख्या कशी वाढविता येईल?